हातगुण

"मगदूम, इकडे ये. हात पुसून ये," हेर्लेकर सर म्हणाले. त्यांनी काचेची प्लेट खिडकीच्या उजेडात अशी काही धरली होती, की आता पडते असं मला वाटलं.

मी ॲप्रनला हात पुसून गेले. प्लेटमध्ये जंतूंचा दुधट थर चढला होता. त्यात आम्ही चार भोकं पाडली होती. तीन भोकांत एकाच चिनी मुळाचा काढा होता, एकात दाट, एकात मध्यम आणि एकात पातळ. चौथ्यात नुसतं पाणी. पाण्याच्या भोकाच्या अगदी काठाला थर जाऊन भिडला होता. काढ्याच्या तिन्ही भोकांभोवती मात्र स्वच्छ, काचेसारखे गोल उमटले होते. तिथले जंतू मेले होते.

"तीन वर्षांत पहिल्यांदा," सर म्हणाले. त्यांचा आवाज फुटत होता. "नदाफ, बघ. नीट बघ."

इरफान नदाफ माझ्याबरोबरच पीएच.डी. करत होता. त्याने मान वाकडी करून पाहिलं. "सर, हेच मूळ मी गेल्या महिन्यात पिळलं होतं की. तवा काय बी नव्हतं."

"तुझ्या हाताला गुण नाही रे. हिच्या हाताला आहे. आता हे मूळ फक्त मगदूमच पिळेल."

सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसले, कारण हेर्लेकर सरांच्या तोंडून कौतुक म्हणजे दुष्काळात पुरणपोळी. मूळ तेच, जंतू तेच, मग एकाच्या हातून काहीच नाही आणि दुसरीच्या हातून एवढं, असं का, हे एकानेही विचारलं नाही. डॉक्टरला हातगुण असतो, लोणचं घालणाऱ्या बाईला असतो, तसा मलाही आहे म्हटल्यावर विषय मिटला. आज इस्लामपुरात माझी रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब आहे. तिथे कुणी हातगुण हा शब्द काढला तर मी त्याला चहासुद्धा विचारत नाही.

सर एका शिष्टमंडळातून चीनला जाऊन आले होते आणि येताना चिनी औषधांचं वेड घेऊन आले होते. जुन्या औषधांना न जुमानणारे जंतू वाढत चाललेत, त्यांच्यावरचा उतारा त्या लोकांच्या मुळ्यापाल्यात सापडेल, अशी त्यांची खात्री होती. सरकारी योजना मंजूर झाली, पोती आली. पोत्यांवरची चिनी अक्षरं आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नव्हती, म्हणून आम्ही त्यांना आमची नावं ठेवली. एक पाला होता त्याला 'कात्रण', एका सालीला 'सासूबाई', आणि एका काळपट, लाकडासारख्या मुळाला 'खडूस'. खडूस कशानेच तुटायचा नाही. शेवटी मी गावाहून आजोबांचा अडकित्ता आणला आणि सुपारीसारखा कातरायला बसले. एकदा अडकित्ता निसटला आणि डाव्या हाताचं पहिलं बोट चांगलंच कापलं गेलं.

सरांचा दुसरा हट्ट म्हणजे काढा चिनी पद्धतीनेच करायचा. मातीच्या भांड्यात उकळायचा आणि गरम असतानाच फडक्यातून हाताने पिळायचा. "यंत्रात घातलं की गुण जातो," ते म्हणायचे. गरम फडक्याने रबरी मोजे फाटायचे, म्हणून मोजे कुणीच घालत नसे. पिळल्यावर पुन्हा एक उकळी आणली की हातांचे जंतू मरतात, असं सरांनीच ठरवून दिलं होतं. माझं बोट रोजच्या गरम पिळण्याने बरंच होईना. पट्टी टिकायची नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने जखमेवर टाकायची पिवळी पावडर दिली, ती मी दिवसातून चार वेळा भुरभुरवत होते. हे सगळं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

आणि ते जंतू कुणाचे, तर कुमुदकाकूंचे. कुमुदकाकू म्हणजे सरांच्या मिसेस.

काकू मुलींच्या शाळेत पी.टी.च्या बाई होत्या आणि त्यांचे खो-खोचे संघ जिल्ह्यात गाजलेले. निवृत्त झाल्यावरही पहाटे मैदानावर जाऊन पोरींवर ओरडायच्या. त्यांच्या मागच्या अंगणातली खोली त्यांनी मला राहायला दिली होती. मला आई नव्हती. काकू दारातून हाक मारायच्या, "पोरी, जेवलीस का?" आणि मी जेवले असले तरी नाही म्हणायचे. एवढ्यात सगळं आलं.

त्यांना शुगर होती. नवी चप्पल चावली, फोड आला, फोड फुटला, चिघळला. एक बोट काढावं लागलं. पूमधले जंतू दवाखान्याने तपासले, तर तिथल्या एकाही औषधाला ते दाद देईनात. सर्जन म्हणाला, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. सरांनी तोच पू आमच्या लॅबमध्ये आणला, जंतू वाढवले आणि प्लेटवर मार्करने 'कुमुद' लिहिलं. खडूसने मारले ते हे जंतू.

त्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यात डबा घेऊन गेले.

"ये. पायाकडे बघू नकोस, तोंडाकडे बघ," काकू म्हणाल्या. ताप होता, ओठ सुकलेले. "हे सांगत होते, तू पिळलंस की गुण येतो म्हणे."

"काकू, अजून नुसतं प्लेटमध्ये आहे ते."

"प्लेटमध्ये माझेच जंतू आहेत ना?"

"हो."

"मग झालं तर. सर्जन रोज सकाळी येतो आणि कागद पुढे करतो. मी सांगितलं, सही करणार नाही. आमच्या ह्यांचं औषध तयार होतंय." त्यांनी माझं मनगट पकडलं. "हे बघ, मी आयुष्यभर पोरींना पळायला शिकवलं. एका पायावर मला जगायचं नाही. रडगाणं नाही गाते मी. ठरवलंय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"सोमवारपर्यंत वाट बघतो म्हणाला. त्यानंतर विष वर चढलं तर पायही जाईल आणि मीही, असं म्हणाला. मेला घाबरवतो मला."

मी घरी आले ती जमिनीवर पाय न टेकता. काकूंचा पाय वाचणार आणि तो माझ्या हातून वाचणार, यापेक्षा मोठं मला त्या वयात काही सुचतच नव्हतं.

पुढची प्लेट चांगली आली, त्यापुढचीही आली. मग बोट भरून आलं, मी पावडर टाकायची सोडली, आणि त्यानंतरची प्लेट कोरी आली. चारही भोकांना थर भिडलेला. दाट काढा असो की पाणी, जंतूंना फरकच नाही.

नदाफ माझ्या मागे येऊन उभा राहिला. "काय गं, हाताचा गुण संपला काय?"

तो थट्टाच करत होता. मी मात्र हाताकडे पाहिलं. बोटावर गुलाबी, कोवळी कातडी आली होती.

मातीच्या भांड्यात नुसतं पाणी उकळलं. खडूसचा तुकडासुद्धा घातला नाही. बोटावर पावडर टाकली, कोरं फडकं त्या पाण्यात बुडवलं, पिळलं, पुन्हा उकळी आणली आणि ते पाणी प्लेटमधल्या भोकात सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भोकाभोवती आजवरचा सगळ्यात मोठा गोल होता.

नदाफने प्लेट दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली. "म्हंजे खडूसनं काय बी केलं नाही."

"काही नाही. सगळं ह्या पावडरीनं केलं."

"सांगू नकोस."

"म्हणजे?"

"म्हंजे सांगू नकोस. पोतं संपलं म्हणायचं. नवीन पोत्यात गुण नाही म्हणायचं. हळूहळू विषय मरतोय बघ. सरांना असलं तोंडावर सांगणारा माणूस हितं टिकला नाही अजून."

"इरफान, काकू सही करत नाहीयेत. ह्या काढ्याच्या भरवशावर बसल्यात त्या."

प्लेट माझ्या हातात देत तो म्हणाला, "मग जा. पर आधी खोलीतलं सामान आवर आणि मग जा."

मला त्याचा राग आला. मी तशी तोंडाळच, दोन शब्द सुनावले त्याला आणि तशीच सरांच्या केबिनमध्ये शिरले.

सर एका स्वच्छ बाटलीत काढा भरत होते. दवाखान्यात न्यायला. मी दोन्ही प्लेटा टेबलावर ठेवल्या, कोरी आलेली आणि नुसत्या पाण्याची, आणि बोट कापलं तिथपासून सगळं सांगून टाकलं. मध्ये एकदाही थांबले नाही, कारण थांबले असते तर रडले असते.

सरांनी बाटलीचं बूच लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"कुठली पावडर?"

मी ॲप्रनच्या खिशातून डबी काढून दिली. त्यांनी चष्मा लावला आणि डबीवरची बारीक अक्षरं वाचली. मग उठले, कपाटातून काकूंच्या जंतूंची ताजी प्लेट काढली आणि म्हणाले, "बोट पुढे कर." त्यांनी स्वतः माझ्या बोटावर पावडर टाकली, झटकली, आणि बोट धरून प्लेटवर दाबलं. इतकं जोरात, की थराखालची जेलीसारखी खळ चिरली.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"नदाफला."

"उद्या अकराला सेमिनार हॉलमध्ये ये. सगळ्यांसमोर बोलू."

"सर, काकूंना सही करायला सांगा. प्लीज."

"ते माझं मी बघतो."

मी बाहेर आले तेव्हा हलकं वाटत होतं. मला वाटलं, माणूस मोठा आहे. स्वतःची चूक सगळ्यांसमोर मांडायला छाती लागते. डबी त्यांच्याकडेच राहिली, ते मला आठवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला होता. संचालक पुढच्या रांगेत होते, बाकीचे विभागही बोलावले होते. सर फळ्यापुढे उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि त्यांच्या हातात कालची प्लेट होती.

"मगदूम, वर ये. ही आमची शैला मगदूम. एम.एस्सी.ला पहिली आलेली. हिने एक नवीन औषध शोधून काढलंय." त्यांनी प्लेट उंच धरली. "चीनमध्ये नाही सापडलं, आपल्याकडे सापडलं. औषधाचं नाव, मगदूमचं बोट."

हशा पिकला. प्लेट पुढच्या रांगेतून फिरायला लागली. दुधट थरात माझं बोट जसंच्या तसं उमटलं होतं आणि त्याच्याभोवती रुंद, स्वच्छ पट्टा. कुणीतरी प्लेटशेजारी स्वतःचं बोट धरून बघत होतं.

"दाखव सगळ्यांना. कोणतं बोट?"

मी बोट वर केलं. उत्तर येणारी मुलगी वर्गात करते तसं. अजूनही मला वाटत होतं, की आता सर सांगतील, हिनेच येऊन सांगितलं.

"निष्काळजीपणा की मुद्दाम?" संचालकांनी विचारलं.

"ते मी कसं सांगणार? माणसाच्या पोटात शिरता येत नाही. एवढंच सांगतो, माझ्या बायकोचा पाय ह्या निकालांवर टांगलेला होता आणि ही मुलगी हाताला पावडर चोळून काढा पिळत होती."

"सर, मीच काल येऊन सांगितलं तुम्हाला."

"सापडल्यावर सगळेच सांगतात."

"मी सापडले नव्हते! नदाफला विचारा."

सगळ्यांनी नदाफकडे पाहिलं. नदाफने बुटांकडे पाहिलं. बुटाची नाडी सुटली होती म्हणून तो खाली वाकला आणि बराच वेळ वरच आला नाही.

"हाताने पिळायला तुम्हीच लावलं होतंत," मी म्हणाले. आवाज चढला होता माझा.

"पिळायला मी सांगितलं. पावडर चोळायला नाही."

पुन्हा हशा. संचालकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. माझी नोंदणी तिथल्या तिथे रद्द झाली. हॉलमधून बाहेर पडताना सर शेजारून गेले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोली संध्याकाळपर्यंत मोकळी कर."

मी खोलीवर येऊन रडले. शिव्या दिल्या, सरांना, नदाफला, त्या अडकित्त्याला. कपडे ट्रंकेत कोंबत होते आणि डोळ्यांपुढून ती प्लेट हलेना. माझं बोट आणि भोवतीचा तो पट्टा. कोंबता कोंबता माझा हात थांबला.

ते मेलेले जंतू काकूंचे होते.

दवाखान्यातल्या एकाही औषधाने न मेलेले जंतू कोपऱ्यावरच्या मेडिकलमधल्या पावडरीने मेले होते. ही पावडर एका जुन्या औषधाची. त्याच्या कुळातली इंजेक्शनं मिळतात, हे आम्ही पुस्तकात शिकलेलो. दवाखान्यात तपासणीला ठरावीक नवी औषधंच घ्यायचे, हे जुनं कूळ कुणी तपासूनच पाहिलं नव्हतं. हॉलमधली एवढी शिकलेली माणसं बोटाला हसली. बोटावर काय होतं, ते एकानेही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

ट्रंक तशीच उघडी टाकून मी धावत सुटले. रिक्षा मिळेना, म्हणून धावतच दवाखाना गाठला. वॉर्डच्या दारात सिस्टर भेटल्या.

"सिस्टर, सर्जनना भेटायचंय. हेर्लेकर काकूंसाठी एक इंजेक्शन आहे, जुनं आहे, पण—"

"ते होय? चालू केलंय की काल संध्याकाळीच," सिस्टर म्हणाल्या. "सर स्वतः आले होते. पावडरीची डबी ठेवली डॉक्टरांच्या टेबलावर, म्हणाले, ह्या कुळातलं काय असेल ते द्या. आज सकाळी ताप उतरला. सोमवारचं ऑपरेशन रद्द केलंय डॉक्टरांनी."

मला आनंद झाला. खरं सांगते, आधी आनंदच झाला, सिस्टरना मी मिठी मारली. मग कळलं. सर केबिनमधून निघून थेट इथे आले होते. डबीवरची अक्षरं वाचली तेव्हाच त्यांना सगळं समजलेलं होतं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये उभे राहिले तेव्हा पाय वाचतोय हे त्यांना ठाऊक होतं, आणि तो कशामुळे वाचतोय हेही.

ठीक आहे, म्हटलं. काकूंना सांगते. काकू कान धरून त्यांना परत त्या हॉलमध्ये उभं करतील. पोरींनी चुकून रेषेवर पाय दिला तरी पंचांना स्वतः सांगायला लावणारी बाई होती ती.

काकू उशाला टेकून बसल्या होत्या. वेणी घातलेली, चेहऱ्यावर तरतरी. हातात चहाचा कप.

"आलीस? येशील असं वाटलंच होतं."

"काकू, ते इंजेक्शन..."

"मला माहीत आहे. तुझ्या डबीवरून मिळालं. ह्यांनी कालच सगळं सांगितलं. इथे, ह्याच स्टुलावर बसून रडले."

"मग आज सकाळी त्यांनी हॉलमध्ये जे केलं..."

"ते मी सांगितलं करायला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. काकूंनी चहाचा घोट घेतला.

"हे नको म्हणत होते. म्हणाले, पोरगी आपणहून आली सांगायला. मी म्हटलं, म्हणूनच. जी आपणहून येऊन सांगते, ती भांडत बसत नाही. मी आयुष्यभर पोरीच बघितल्यात." त्यांनी कप खाली ठेवला. "तीन वर्षांची सरकारी योजना, आणि शेवटी निघालं काय, तर मेडिकलातली पावडर. हाताने पिळायचा हट्ट ह्यांचा. उद्या चौकशी झाली असती तर कुणाच्या गळ्यात आली असती? ह्यांची नोकरी गेली तर माझी औषधं कशी चालायची? कुणाचं तरी नाव लागतंच गं."

"पण माझं का? काकू, मी तुमच्यासाठी सांगितलं त्यांना. तुमच्या पायासाठी."

"माहीत आहे मला. मी काय तुला वाईट म्हणतेय का?"

"माझं सगळं गेलं."

"तुझं काय जातंय? वय आहे तुझं. दोन्ही पाय धड आहेत. जाशील कुठेही."

मी तोंड उघडलं. मला खूप काही बोलायचं होतं, त्या मला पोरी म्हणून हाक मारायच्या, त्यावरही बोलायचं होतं. पण काकूंचा चेहरा एकदम वेदनेने आक्रसला आणि त्यांनी दात आवळले.

"जरा ती उशी पायाखाली सरकव गं. ही सिस्टर फार धसमुसळी आहे, तिला नाही जमत."

मी वाकले. एका हाताने टाच उचलली, दुसऱ्याने उशी सरकवली, पाय हळूच खाली ठेवला. पाय उबदार होता. बँडेजच्या पुढे चार बोटं दिसत होती, आणि काकूंनी ती एकदा हलवून बघितली.

"हां. आता बरं वाटलं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. "पुन्हा येऊ नकोस हं. ह्यांना अवघडल्यासारखं होईल. आणि जाताना दार ओढून घे, डास येतात."

मी दार ओढून घेतलं.